लससाठ्याच्या यादीत एक रकाना वाढवा

लाळ्या-खुरकुताच्या आणीबाणीच्या लससाठ्यासाठी विषाणूचे स्ट्रेन (वाण) निवडणाऱ्या सर्व तज्ज्ञ समित्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी पशुवैद्यक आहे. नोकरीची बरीच वर्षे तापाने फणफणलेल्या गुरांची जीभ हातात धरून फोडावरची साल काढण्यात गेली. आपल्या बैठकीत पडद्यावर दिसणारे वंशवृक्ष आणि जुळणीचे आकडे या सालीच्या नखाएवढ्या तुकड्यापासून सुरू होतात. त्या टोकाकडून हे पत्र लिहिते आहे.

२०२५ च्या सुरुवातीला मध्य युरोपात लाळ्या-खुरकूत तीन महिन्यांत दोनदा उपटला. जानेवारीत जर्मनीच्या ब्रांडेनबुर्ग राज्यात म्हशींच्या एका कळपात तो सापडला. त्या देशातली १९८८ नंतरची ही पहिलीच लागण. मार्चमध्ये तो हंगेरीत निघाला आणि लगेच शेजारच्या स्लोव्हाकियात. दोन्ही वेळा विषाणूचा सीरोटाइप, म्हणजे प्रतिकारशक्तीला वेगळा दिसणारा प्रकार, ओ होता, त्यामुळे एकच साथ पुढे सरकली असे कुणालाही वाटले असते. जनुकीय क्रम वाचल्यावर मात्र दोन्ही विषाणू स्वतंत्र वाटांनी आल्याचे कळले. हंगेरीतल्या विषाणूचे सर्वांत जवळचे ज्ञात नातलग होते पाकिस्तानातले, २०१७-१८ सालचे.

याचा अर्थ तो पाकिस्तानातून थेट हंगेरीत पोचला असा होत नाही. मधल्या सात वर्षांत तो कोणत्या कळपांतून फिरला, कुठे बदलला, कोणत्या सीमा ओलांडून आला, यातल्या एकाही मुक्कामाची नोंद जगाकडे नव्हती, एवढेच त्यातून कळते. साठ्यातल्या प्रतिजनापासून, म्हणजे लसीसाठी गोठवून ठेवलेल्या निष्क्रिय विषाणूपासून, या वेळी लस बनवून मिळाली, हे चांगलेच झाले. पण सात वर्षे नजरेआड राहिलेला विषाणू आपल्या यादीतल्या एखाद्या स्ट्रेनशी जुळेल याची हमी आधी कुणाला देता आली असती? मला तरी नाही.

गुरांच्या बुळकांड्या रोगाच्या बाबतीत हा प्रश्नच नव्हता. त्या विषाणूचा सीरोटाइप एकच, आणि प्लाउराइट यांनी तयार केलेली एकच लस सगळीकडे चालली. २०११ मध्ये तो रोग पृथ्वीवरून गेला. लाळ्या-खुरकुताचे सीरोटाइप सात आहेत: ओ, ए, सी, एशिया-१ आणि सॅट-१, २, ३. एकाची लस दुसऱ्यापासून वाचवत नाही. १९२२ मध्ये फ्रान्समध्ये व्हाले आणि कारे यांनी पहिले दोन प्रकार वेगळे ओळखले. ओ हे नाव वाझ जिल्ह्याच्या फ्रेंच आद्याक्षरावरून आले आणि ए जर्मनीच्या फ्रेंच नावावरून. रोगातून उठलेले जनावर पुन्हा का पडते, याचे उत्तर त्यातून मिळाले. पुढे कळले की एकाच सीरोटाइपच्या पोटातही इतके फरक असतात की ए ची एक लस ए च्याच दुसऱ्या विषाणूपुढे तोकडी पडते. आपले सगळे काम या दुसऱ्या पातळीवर चालते आणि ते किती अवघड आहे याची मला जाणीव आहे. म्हणूनच ते कशाच्या आधारावर चालते याबद्दल बोलायचे आहे.

आजवरचे धक्के आठवून पाहावेत. २००० आणि २००१ मध्ये अर्जेंटिनात सीरोटाइप ए चे असे विषाणू आले की वर्षानुवर्षे वापरातल्या ए-२४ क्रुझेरो या लसीच्या स्ट्रेनवर भागेना आणि नवे स्ट्रेन लसीत घालावे लागले. २०१२ मध्ये इजिप्तमध्ये सॅट-२ घुसला. तिथल्या लसीकरणाचा भर ओ आणि ए वर होता, त्यामुळे जनावरे उघडीच होती आणि वासरांचे हाल झाले. २०१३ नंतर दक्षिण आशियातली ओ ची इंड-२००१ ही वंशशाखा लिबिया, ट्युनिशिया, अल्जीरिया, मोरोक्कोपर्यंत पोचली. २०१५ मध्ये दक्षिण आशियातूनच ए ची जी-७ शाखा इराण, सौदी अरेबिया आणि तुर्कस्तानात गेली आणि प्रचलित ए लसींशी तिची जुळणी वाईट निघाली. दक्षिण कोरियाने २०१०-११ च्या साथीत तीस लाखांहून अधिक जनावरे मारली, मग देशभर लसीकरण सुरू केले. तरी २०१४-१५ मध्ये रोग पुन्हा पसरला. ओ मनिसा हा लसीतला स्ट्रेन तेव्हाच्या विषाणूशी नीट जुळत नव्हता आणि दुसरे स्ट्रेन आणावे लागले. २०२३ मध्ये सॅट-२ इराक, जॉर्डन, तुर्कस्तानात दिसला, २०२५ मध्ये सॅट-१ इराक, कुवेत, बहारीनमध्ये. आफ्रिकेतले सीरोटाइप आफ्रिकेतच राहतील हे गृहीत आता कुणी धरू नये.

यातला जवळजवळ प्रत्येक विषाणू नव्या ठिकाणी पोचण्याआधी दुसरीकडे नांदत होता. सॅट-२ पूर्व आफ्रिकेत होता, इंड-२००१ दक्षिण आशियात होती. तिथे जनावरे लाळ गाळत होती, लंगडत होती आणि गुराख्यांना ते दिसतही होते. त्यातल्या किती फोडांची साल प्रयोगशाळेपर्यंत गेली, हा खरा प्रश्न आहे.

आता जुळणीच्या आकड्याबद्दल, कारण माझ्या मते त्याच्यावर नको इतका भार टाकला गेला आहे. हा आकडा, म्हणजे आर-१, कसा काढतात हे आपल्याला माहीत आहेच, इतर वाचकांसाठी सांगते. लस दिलेल्या जनावराच्या रक्तातली प्रतिपिंडे (विषाणूशी लढणारी प्रथिने) लसीतल्या विषाणूला किती निष्प्रभ करतात ते मोजायचे, आणि तीच प्रतिपिंडे बाहेरच्या नव्या विषाणूला किती, तेही मोजायचे. दुसऱ्याला पहिल्याने भागायचे. भागाकार ०.३ किंवा त्याहून जास्त आला, तर लस उपयोगी पडण्याचा संभव चांगला मानतात. चाचणी उपयुक्त आहे, माझा तिच्यावर राग नाही. पण तोच विषाणू आणि तेच रक्तद्रव घेऊन दोन दिवस चाचणी केली तरी आकडा हलतो. म्हणून ०.२८ आला की नकार आणि ०.३१ आला की होकार, अशी रेघ ओढण्याइतका तो नेमका नाही. शिवाय तो लसीची ताकद सांगत नाही. नेहमीच्या लसीच्या मात्रेत किमान तीन पीडी-५० अपेक्षित असतात, आणीबाणीच्या लसीत सहा किंवा अधिक. एक पीडी-५० म्हणजे निम्म्या जनावरांना वाचवेल एवढे प्रमाण. सीरोटाइप ए वरच्या प्रयोगांत ताकदवान लसीने कमी आर-१ असलेल्या विषाणूपासूनही गुरांना वाचवल्याचे दिसले आहे. दुसरी मात्रा दिली की संरक्षणाचा आवाकाही रुंदावतो. म्हणजे थोडी कमी जुळणारी पण दमदार लस, ही नेमकी जुळणाऱ्या अशक्त लसीपेक्षा कळपाच्या जास्त कामाची ठरू शकते. समितीच्या टिपणात आर-१ च्या शेजारी ताकद आणि जनावरांवरच्या चाचणीचा निकाल, दोन्ही दिसायला हवेत. निकाल नसेल तर जागा कोरी ठेवावी. तेही उपयोगी उत्तर आहे.

कागदावर उत्तम जुळणारा स्ट्रेन कारखान्यात चालेलच असेही नाही. तो पेशींच्या द्रवसंवर्धनात भरभर वाढला पाहिजे. वाढून निष्क्रिय केल्यावर त्याचा अख्खा कण, ज्याला आपण १४६-एस म्हणतो, शाबूत राहिला पाहिजे, कारण संरक्षण देणारी प्रतिपिंडे मुख्यतः या अख्ख्या कणामुळेच तयार होतात. थोडी उष्णता किंवा किंचित आम्लता मिळाली तरी तो तुकड्यांत मोडतो. ओ आणि सॅट-२ याबाबतीत विशेष नाजूक. द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत, उणे १३० अंशांखाली, शुद्ध प्रतिजन वर्षानुवर्षे टिकते. त्याची तयार लस केली की मुदत दीड-दोन वर्षांवर येते. साठा प्रतिजनाच्या रूपात ठेवण्याचे हेच मोठे कारण. दुसरा लाभ असा की डुकरांसाठी तेलाची लस करायची की गुरांसाठी दुसऱ्या पद्धतीची, हे साथ आल्यावर ठरवता येते. तैवानमध्ये १९९७ साली साथ जवळजवळ फक्त डुकरांत पसरली होती, हे विसरून चालणार नाही. मात्र साठ्यात नसलेला स्ट्रेन नव्याने कारखान्यात रुजवायचा, तपासायचा आणि परवानगी मिळवायची तर महिने जातात, अनेकदा वर्षही जाते. साथ तेवढी थांबत नाही. २०२३ मध्ये नेदरलँड्समध्ये ब्लूटंग या मेंढ्या-गुरांच्या दुसऱ्या विषाणूजन्य रोगाचा तिसरा सीरोटाइप आला. हाताशी असलेल्या लसी आठव्या आणि चौथ्याच्या होत्या. तिसऱ्याची लस पुढच्या वसंतात मिळाली, आणि त्याआधीच्या हंगामात मेंढ्या हजारोंनी मेल्या.

सीरोटाइप सी बद्दलही स्पष्ट बोलायला हवे. तो जगात शेवटचा सापडला २००४ मध्ये, ब्राझील आणि केनियात. त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ नाही. तरी त्याची लस काही ठिकाणी बनत आणि टोचली जात राहिली, कारण ‘असू द्यावी’. माझे मत असे की थोडे गोठवलेले प्रतिजन राखावे, पण त्यासाठी नवा जिवंत विषाणू कारखान्यात वाढवू नये. २००७ मध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यात जी साथ उठली, तिचा विषाणू १९६७ चा होता. प्रयोगशाळेत आणि लसनिर्मितीत वापरला जाणारा हा स्ट्रेन पिरब्राइट इथल्या प्रयोगशाळांच्या आवारातून, बहुधा गळक्या सांडपाण्याच्या नळातून, बाहेर पडला. शेतात संपलेला विषाणू आपल्याच भांड्यांतून परत येऊ शकतो, म्हणून प्रत्येक स्ट्रेन राखण्याची जोखीमही मोजली पाहिजे. मी हे म्हणते आणि लगेच मला शंकाही येते, कारण सी खरोखर संपला हेसुद्धा आपण नमुन्यांवरूनच म्हणतो. जिथून नमुने येतच नाहीत तिथे तो नाही, हे कसे कळणार?

पुन्हा फिरून सालीपाशीच आले.

एक प्रसंग सांगते. एका डोंगराळ भागात ऐन दुभत्या गाईंचे कळप आजारी पडले. लसीकरण होऊन चार महिनेही झाले नव्हते. पशुपालक मला एकच गोष्ट विचारत होते: टोचूनही का आला? मी दोन ताज्या फोडांची साल घेतली. फोड फुटून दिवस गेले की विषाणू मिळत नाही, म्हणून सकाळी उजाडायच्या आत पोचले होते. साल ग्लिसरीनच्या बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणात, ठेवली, त्याची आम्लता तपासली, बाटली बर्फात घातली. पुढे परदेशी संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवायची तर परवाने, विशेष वेष्टन आणि विमानभाडे लागते. भाडे कोणत्या खात्यातून द्यायचे यावर कागद फिरत राहिले. बर्फ वितळला. महिन्याभराने बाटली मीच निर्जंतुक करून टाकली. टोचूनही का आला, याचे उत्तर त्या लोकांना मिळाले नाही. लस खराब होती, शीतसाखळी तुटली होती की विषाणूच बदलला होता, हे आजही मला सांगता येत नाही. कुणास ठाऊक, आपल्या एखाद्या बैठकीत ज्या वंशशाखेचा मधला दुवा ‘अज्ञात’ म्हणून तुटक रेषेने दाखवला गेला, तो त्या बाटलीत असेलही.

दुसऱ्या एका वेळी नमुने पोचले, पण निकाल माझ्यापर्यंत कधीच आला नाही. पशुपालकाला मी शब्द दिला होता. पुढच्या साथीला त्याने फोन केला नाही. नमुने कमी का येतात याची कारणे शोधताना अशा लहान गोष्टीही मोजाव्यात. पैसा आणि वाहतूक तर आहेच, पण देणाऱ्याला बदल्यात काय मिळते? श्रीमंत, रोगमुक्त देशांच्या साठ्यात त्याच्या गुरांच्या विषाणूविरुद्धची लस गोठवून ठेवली जाते आणि त्याच्या गोठ्यात मात्र जुनीच लस येते. हे मला न्याय्य वाटत नाही, आणि साठा राखणाऱ्यांच्या दृष्टीनेही ते शहाणपणाचे नाही.

लाळ्या-खुरकुताची जागतिक संदर्भ प्रयोगशाळा दर तिमाहीला अहवाल काढते. जगाचे सात विषाणू-विभाग पाडले आहेत, प्रत्येक विभागातून कोणता धोका किती हे आकड्यांत मांडून साठ्यातले प्रतिजन निवडायला मदत करणारे प्रॅग्मॅटिस्ट हे साधनही आहे. हे काम मोलाचे आहे. पण त्या गणितात एखाद्या विभागातून वर्षाला शंभर नमुने आले काय आणि दोन आले काय, तक्त्यातला चौकोन तेवढाच दिसतो. दोन नमुन्यांवरचा अंदाज आणि शंभर नमुन्यांवरचा अंदाज एकाच शाईत छापला, की वाचणारा दोघांवर सारखाच भरवसा ठेवतो.

म्हणून माझी मागणी लहान आहे. आपल्या यादीत स्ट्रेनचे नाव असते, मात्रांची संख्या असते, प्राधान्य असते. त्यात आणखी एक रकाना घाला: हा स्ट्रेन ज्या विषाणूंविरुद्ध राखला आहे, त्यांचा शेवटचा नमुना कोणत्या वर्षी, कुठून आणि किती जनावरांतून आला. ओ मनिसा, ओ-३०३९, ए-इराण-०५, एशिया-१ शमीर, सॅट-२ एरिट्रिया, अशा प्रत्येक स्ट्रेनपुढे. मात्रा किती आणि कुठे ठेवल्या हे गोपनीय राखायचे असेल तर राखा, त्याची कारणे मला समजतात. निवडीची कारणे मात्र तारखेसह लिहून जाहीर करा. आज यादीतून एखादे नाव गळते आणि दुसरे येते तेव्हा बाहेरच्या माणसाला फक्त बदल दिसतो. परवाच्या साथीला घाबरून बदल केला की खरोखर नवा पुरावा आला, हे कळत नाही. पाच वर्षांनी आपल्या जागी येणाऱ्या सदस्यांनाही ते कळणार नाही.

ज्या ओळीत तो रकाना रिकामा राहील किंवा जुने साल दाखवेल, तिथे पुढचा खर्च कुठे करायचा हे आपोआप ठरेल. साठ्याच्या दर वर्षीच्या तरतुदीतला एक ठराविक हिस्सा नमुन्यांसाठी बाजूला काढा: वाहतुकीचे भाडे, बफरच्या बाटल्या, स्थानिक प्रयोगशाळेत क्रम वाचण्याची सोय, आणि निकाल पशुपालकापर्यंत तीस दिवसांत पोचवण्याचे बंधन. प्रतिजनाची मुदत संपली की ते बदलण्यासाठी पैसे मिळतातच. मुदत संपलेल्या माहितीसाठीही तशीच तरतूद हवी. नमुना देणाऱ्या प्रदेशाला साथीच्या वेळी साठ्यातून काही मात्रा मिळतील असा करारही शक्य आहे. त्याने आपला साठा थोडा कमी होईल, पण धोका उगमाशीच कमी होईल.

चुकीचा स्ट्रेन साठवला तर पैसा वाया जातो आणि योग्य स्ट्रेन नसला तर जनावरे मरतात, या दोन चुका एका मापाच्या नाहीत, हे आपण जाणता. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये २,०२६ ठिकाणी लागण सिद्ध झाली आणि साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली. तिथे लस वापरलीच नाही. त्याच वर्षी नेदरलँड्सने लस टोचली आणि टोचलेली जनावरेही नंतर मारली, कारण लस देऊन जिवंत ठेवली तर व्यापारासाठी रोगमुक्त दर्जा मिळायला जास्त काळ थांबावे लागते. पुढेही तो फरक नियमांत राहिला: मारल्यास तीन महिने, जगवल्यास साधारण सहा. हा प्रश्न आपल्या समितीच्या कक्षेबाहेरचा, तरी उल्लेख करते, कारण टोचलेल्या आणि लागण झालेल्या जनावरांत फरक करणारी चाचणी चालण्यासाठी प्रतिजन शुद्ध असावे लागते, आणि तो निर्णय आपल्या हातात आहे. खरेदीच्या अटींत शुद्धतेची अट ढिली ठेवू नका. तिच्यावर एखाद्या कळपाचे जगणे अवलंबून असते.

पुढची बैठक केव्हा आहे मला माहीत नाही. पण ज्यांना गोठ्यात पहाटे पोचायचे आहे त्यांना कोणत्या भागातून, कोणत्या प्रकारच्या, किती नमुन्यांची गरज आहे हे आधी कळवलेत, तर आम्ही ते आणू. माझ्यासारखे बरेच जण आहेत. आम्हाला भाड्याचे पैसे, परवान्याची खिडकी आणि निकालाचा कागद हवा आहे.

आपली नम्र,
एक पशुवैद्यक